कवटी, कुंभार आणि वारीतला एक प्रश्न

१९२८ साली पुण्याहून बर्लिनला गेलेली एक तरुणी पुढची दोन वर्षं माणसांच्या कवट्या मोजत होती. हातात कॅलिपर, समोर वही, आणि टेबलावर एकामागून एक येणाऱ्या १४९ कवट्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या. त्या कोणाच्या होत्या, त्यांची नावं काय होती, याची नोंद तिच्या कामासाठी लागणार नव्हती. लागणार होते फक्त मिलिमीटर.

ही तरुणी म्हणजे इरावती कर्वे. जन्म ब्रह्मदेशातला, म्हणून तिथल्या नदीवरून ठेवलेलं नाव. शाळा-कॉलेज पुण्यात. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचं शिक्षण. आणि मग बर्लिनची कैसर विल्हेल्म संस्था, जिथे मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि 'सुप्रजनन' हे तिन्ही विषय एकाच छताखाली शिकवले जात. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक.

फिशर यांचं एक गृहीतक होतं. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी नसते, कारण त्याच्या मेंदूचा पुढचा एक भाग जास्त वाढलेला असतो. आणि हा वाढलेला भाग म्हणजे त्याच्या वरचढ बुद्धीची खूण. हे खरं असेल तर गोऱ्यांच्या कवट्या जास्त वाकड्या आणि इतरांच्या जास्त सरळ निघायला हव्यात. इरावतीबाईंनी मापं घेतली, तक्ते केले, आणि निष्कर्ष लिहिला: कवटीच्या असमानतेचा आणि वंशाचा काही संबंध दिसत नाही.

थोडक्यात, गुरूच्या संस्थेत बसून, गुरूच्या पद्धतीनं मोजून त्यांनी गुरूला 'नाही' सांगितलं. पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांची संस्था नाझींच्या वंशविचाराला शास्त्राचा आधार पुरवणारी जागा झाली.

ही गोष्ट मला आठवते ती एका वेगळ्याच संदर्भात. समाजशास्त्र, पत्रकारिता, समाजकार्य, शिक्षणशास्त्र असं काही शिकणाऱ्या मुलामुलींशी बोललं की एक रडगाणं हमखास ऐकू येतं. 'माझ्या पंधरा मुलाखती आहेत, पण सर म्हणतात, हे काय संशोधन आहे? आकडे कुठेत?' मग ती मुलं घाईघाईनं एक गूगल फॉर्म बनवतात, 'एक ते पाच यांपैकी तुम्ही किती समाधानी आहात' असले प्रश्न घालतात, सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात, आणि दोनशे उत्तरांचा रंगीत गोल तक्ता लावून मोकळी होतात. पंधरा मुलाखती परिशिष्टात जातात. कधीकधी कचऱ्यात.

याची उलट बाजूही आहे. 'आकडे काय, कसेही फिरवता येतात. माणसाचं दुःख आकड्यात मावत नाही' असं म्हणून हिशेबाकडे पाठ फिरवणारे. दोन्ही बाजूंना एकच वाटतं, की संख्यात्मक आणि गुणात्मक ही दोन पक्षांची नावं आहेत आणि आपण त्यांतला एक निवडायचा. इरावतीबाईंचं आयुष्य पाहिलं तर हा समज टिकत नाही. म्हणून ही सगळी हकिकत.

आधी नावांचा घोळ

'गुणात्मक' हा शब्द मराठीत जरा फसवा आहे. बोलताना आपण 'गुणात्मक सुधारणा' म्हणतो तेव्हा दर्जेदार सुधारणा असं म्हणायचं असतं. आणि परीक्षेतले गुण म्हणजे तर चक्क आकडे! त्यामुळे गुणात्मक संशोधन म्हणजे उच्च दर्जाचं संशोधन असं कुणाला वाटलं तर नवल नाही. पण इथे गुण म्हणजे वस्तूचं स्वरूप, तिची जात, तिची चव. ती वस्तू कशी आहे, हा प्रश्न. संख्यात्मक संशोधनाचा प्रश्न असतो, किती आहे.

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. संख्यात्मक संशोधनाचा अर्धा पाया या म्हणीत आहे. हजारो घरांकडे जाणं शक्य नसतं, म्हणून काही घरं निवडायची आणि त्यांवरून सगळ्यांबद्दल बोलायचं. पण त्याला एक अट आहे. भात सारखा शिजलेला तरी हवा, नाहीतर शितं पातेल्याच्या सगळ्या भागांतून, आपली आवड-निवड बाजूला ठेवून उचलायला हवीत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलेल्या फॉर्ममध्ये नेमकं हेच होत नाही. वरवरची शितं तेवढी हाताला लागतात, आणि दोनशेच काय, दोन हजार उत्तरं आली तरी तळाचा भात कच्चा आहे की करपलाय ते कळत नाही.

गुणात्मक संशोधन त्या पातेल्याला वेगळा प्रश्न विचारतं. हा भात कुणी शिजवला? आधी कुणाला वाढला? शेवटी पातेलं कुणी खरवडलं? याचं उत्तर मिळवायला शितं मोजून उपयोग नाही; त्या स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागतं. इथे माणसं निवडताना चिठ्ठ्या टाकत नाहीत. ज्याला ती गोष्ट आतून माहीत आहे त्याच्याकडे जातात, मग त्याच्यापेक्षा वेगळा अनुभव असलेल्याकडे, आणि नवं काही हाती लागेनासं झालं की थांबतात. पंधरा मुलाखती पुरेशा आहेत का, हे पंधरा या आकड्यावरून ठरत नाही. सोळाव्या माणसानं आपल्याला चकित केलं असतं का, यावरून ठरतं.

नाकाची पट्टी

हिंदुस्थानात माणसं मोजण्याचं वेड इरावतीबाईंच्या आधीपासून होतं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकं मोजली. नाकाच्या रुंदीचं लांबीशी प्रमाण काढायचं आणि त्यावरून माणसाचा वंश सांगायचा. नाक जितकं बारीक तितकी जात वरची, असा सरळ नियमच त्यांनी मांडला. आकडे होते, दशांश चिन्हं होती, सरकारी शिक्का होता.

या नियमाला धक्का कुणी दिला? घुर्ये यांनी, १९३२ च्या आपल्या पुस्तकात. आणि तो देताना त्यांनी 'आकडे वाईट असतात' असं म्हटलं नाही. त्यांनी तीच मापं पुन्हा तपासली आणि दाखवलं, की उत्तरेतला एक पट्टा सोडला तर नाक आणि जातीचा दर्जा यांचा तसा मेळ बसत नाही. आकड्याला आकड्यानंच उत्तर दिलं.

रिस्लेंची चूक मोजण्यात नव्हती. उत्तर आधीच ठरवून त्यांनी मोजायला घेतलं होतं. खरा संशोधक मोजतो तेव्हा त्याच्या मनात एक धाकधूक असते, की मापं उलटी आली तर? ती धाकधूक नसेल तर कॅलिपर हे नुसतं शिक्कामोर्तब करण्याचं यंत्र होतं.

कुंभार किती प्रकारचे?

१९३९ साली इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. बर्लिनचा कॅलिपर त्यांनी टाकून दिला नाही. महाराष्ट्रभर फिरून वेगवेगळ्या जातींच्या लोकांची शारीरिक मापं घेतली. १९५१ साली त्याचं पुस्तक आलं. त्यावर त्यांच्याबरोबर दुसरं नाव होतं वि. म. दांडेकर यांचं. मापं बाईंची, त्यांचं संख्याशास्त्र दांडेकरांचं.

या मोजणीतून एक मोठा प्रश्न उभा राहिला. जाती कशा तयार झाल्या? प्रचलित समज असा, की आधी एक मोठी जात असते, मग तिचे तुकडे पडून पोटजाती होतात. झाडाच्या फांद्या फुटतात तसं. घुर्येही तसंच मानत. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातल्या कुंभारांकडे पाहिलं. सगळे कुंभारच, पण थोरचाके वेगळे, लहानचाके वेगळे. चाक वेगळं, घडवायची रीत वेगळी, रोटीबेटी व्यवहार नाही. आणि मापं घेतली तर शरीरंही एका कुळातली वाटावीत अशी निघेनात. मग हे एका घराचे तुकडे कसे? त्यांनी उलटं मांडलं: हे गट मुळातच वेगवेगळे असावेत, एकाच धंद्यात शेजारी शेजारी आले आणि बाहेरच्यांनी त्यांना एक नाव दिलं. १९६१ च्या 'हिंदू सोसायटी : अॅन इंटरप्रिटेशन' या पुस्तकात हा विचार सविस्तर आहे.

हा दुसरा 'नाही', आणि तोही एका गुरूला. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नुसत्या मापांनी हे सांगितलं नसतं. कोण कुठलं चाक फिरवतो, कोण कुणाकडे जेवतो, मुलगी कुणाला देतो, हे गावोगाव बसून विचारलं म्हणून त्या मापांना अर्थ आला. कुठले गट वेगळे धरायचे हेच ठाऊक नसेल तर सरासरी कुणाची काढणार? मोजण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हे गुणात्मक काम असतं.

दांडेकर पुढे कुठे पोहोचले तेही सांगायला हवं, नाहीतर आकड्यांवर अन्याय होईल. १९७१ साली त्यांनी आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला माणशी २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च ही रेषा धरली, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे दाखवलं, की १९६०-६१ साली खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते. हजार उपाशी माणसांच्या हजार मुलाखती घेतल्या असत्या तरी भूक किती मोठी आहे हे कळलं नसतं. 'थोडेफार गरीब असायचेच' असं म्हणून सरकारला पुढे जाता आलं असतं. त्या दोन आकड्यांनी ती पळवाट बंद केली. किती, हा प्रश्न कधीकधी न्यायाचा प्रश्न असतो.

आत्याबाई आणि मामंजी

इरावतीबाईंचं जगभर वाचलं गेलेलं काम मात्र मापांचं नाही. १९५३ साली आलेलं 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हे नात्यांवरचं पुस्तक आहे. भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे धरून त्यांनी प्रत्येक भाषेतले नात्यांचे शब्द गोळा केले, लग्नाच्या रीती विचारल्या, जुने संस्कृत-पाली ग्रंथ चाळले.

शब्द हा पुरावा कसा होतो, हे पाहायला लांब जायला नको. आजीच्या पिढीतली बाई सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणायची. सासू ही आत्या कशी? बापाच्या बहिणीच्या घरात मुलगी दिली, तर सासू ही खरोखरच आत्या असते. सासरा मामा कसा? आईच्या भावाच्या घरात दिली, तर तो मामाच असतो. उत्तरेच्या बऱ्याच भागात असं लग्न पाप समजलं जातं. तिथे मुलगी परक्या गावात, अनोळखी माणसांत जाते. दक्षिणेत ती बऱ्याचदा आजोळीच, ओळखीच्या उंबऱ्यावर जाते. महाराष्ट्र दोन्हींच्या मध्ये. अनेक जातींत मामाची मुलगी करायला हरकत नाही. ही सगळी रीत दोन संबोधनांत साठून राहिली आहे, आणि ती वापरणाऱ्या बाईला कदाचित तिचा पत्ताही नाही.

किती टक्के स्त्रिया सासूला आत्याबाई म्हणतात, हे मोजता येईल. पण आत्याबाई या शब्दात काहीतरी दडलंय हे कान देऊन ऐकल्याशिवाय सुचणार नाही. घरात पाऊल ठेवणाऱ्या नव्या नवरीला किती भीती वाटत असेल, हा प्रश्नही त्या शब्दातूनच सुचतो.

तिसरा नाही

आणि मग वारी.

पालखीबरोबर इरावतीबाई एका दिंडीत चालल्या आणि त्यावर त्यांनी मराठीत एक लेख लिहिला. त्यांचे पती दिनकर कर्वे यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १९६२ साली अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आलं, आणि महाराष्ट्राबद्दल काही शिकू पाहणारे परदेशी विद्यार्थी आजही तो लेख वाचतात. त्यात एकही तक्ता नाही.

त्या भारावून गेल्या होत्या हे लेखात लपत नाही. गावोगावची, वेगवेगळ्या बोलींची माणसं एका सुरात अभंग म्हणत चाललेली पाहून त्यांना आपला महाराष्ट्र डोळ्यांदेखत एकत्र येताना दिसला. पंढरपूरला ज्याची माणसं जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्याच त्यांना सापडली. एखाद्यानं इथेच लेख संपवला असता. छान झाला असता.

पण त्यांनी मुक्कामावर काय घडतं तेही लिहिलं. दिंडी एक, अभंग एक, चाल एक. पण जेवायची वेळ झाली की ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. रोज. हे त्यांना टोचत राहिलं. त्या मराठा बायकांच्यात जाऊन बसू लागल्या, त्यांच्याबरोबर जेवल्या. जेवल्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, घरच्या गोष्टी सांगू लागल्या, 'ताई' म्हणू लागल्या. कुणी म्हणालं, पुण्याला तुमच्याकडे येऊ. तेव्हा त्यांतल्याच एका तरुण मुलीनं विचारलं, की आत्ता जशा आमच्याशी वागताय तशाच तेव्हाही वागाल ना?

साधा प्रश्न. इरावतीबाईंना तो फार लागला, आणि तो लागल्याचं त्यांनी छापून टाकलं.

आता कल्पना करा, त्याच दिंडीत कुणी प्रश्नावली घेऊन फिरलं असतं. 'तुमच्या दिंडीत जातिभेद पाळला जातो का? होय किंवा नाही.' बहुतेकांनी 'नाही' सांगितलं असतं, आणि ते खोटं बोलले असते असंही नाही. माउलींच्या वाटेवर सगळे सारखे, ही त्यांची मनापासूनची श्रद्धा. पंगत वेगळी बसते ही गोष्ट त्यांच्या लेखी भेदभाव नव्हतीच, ती रीत होती. माणूस काय मानतो, काय सांगतो आणि काय करतो, या तिन्हींमध्ये जे अंतर असतं ते फॉर्मवरच्या चौकोनात दिसत नाही. त्यासाठी पंगत बसेपर्यंत तिथे थांबावं लागतं.

आणि त्या मुलीचा प्रश्न? तो तर कुठल्याच प्रश्नावलीत नसतो. प्रश्नावलीत प्रश्न आपण विचारतो. इथे जिचा अभ्यास चालला होता तिनंच अभ्यास करणारीला प्रश्न विचारला, आणि एका क्षणात पाहणारी बाई स्वतः पाहिली गेली.

हा तिसरा 'नाही'. या वेळी समोर फिशर नव्हते, घुर्ये नव्हते. महाराष्ट्र एक आहे, असं मनापासून वाटणाऱ्या इरावती कर्वे यांनाच तो मिळाला होता.

ज्याचं माप त्याच्या पदरात

याचा अर्थ प्रत्यक्ष जाऊन राहिलं की सत्य आपोआप हाती येतं, असा नाही. गुणात्मक संशोधनात मोजपट्टी म्हणजे संशोधक स्वतःच असतो, आणि ही पट्टी कुठल्या घरात, कुठल्या जातीत घडली याचा ठसा तिच्यावर राहतोच. इरावतीबाई महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सूनबाई, चित्पावन, शिकलेल्या, पुण्याच्या. भारत समजून घेताना त्यांनी संस्कृत ग्रंथांना फार वजन दिलं, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी केली. जातींची शरीरं मोजत राहण्याच्या त्यांच्या कामात बर्लिनचा वारसा किती उरला होता, हाही प्रश्न विचारला गेला आहे. ज्या पद्धतीनं वंशश्रेष्ठत्व खोटं ठरवलं, तीच पद्धत माणसाला पुन्हा पुन्हा गटाच्या चौकटीत बसवत होती. हे प्रश्न रास्त आहेत.

म्हणूनच गुणात्मक काम करणाऱ्यानं आपण कोण, कुठे बसून पाहत होतो, कुणी आपल्याशी बोलायचं टाळलं, हे लिहायचं असतं. ती प्रस्तावनेतली नम्रता नाही. प्रयोगशाळेत यंत्र कुठलं वापरलं ते लिहितात, तसंच हे. आणि संख्यात्मक काम करणाऱ्यानं नमुना कसा निवडला, किती जणांनी उत्तर दिलं नाही, प्रश्न नेमका कुठल्या शब्दांत विचारला हे लिहायचं असतं. दोन्हीकडे वाचकाला एकच हक्क द्यायचा असतो: तुमचं म्हणणं तपासून 'नाही' म्हणण्याचा.

शेवटच्या वर्षांत इरावतीबाईंनी लेक जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. १९६९ साली ती प्रसिद्ध झाली, आणि पुढच्याच वर्षी बाई गेल्या. धरणाची उंची, पाण्याची पातळी, विजेचे युनिट, हे सगळं सरकारकडे मोजलेलं होतंच. गाव पाण्याखाली गेल्यावर गावातल्या माणसांचं काय होतं, हे कुणीतरी दारोदार जाऊन विचारावं लागणार होतं.

तर त्या पंधरा मुलाखतींकडे परत येऊ. त्या कचऱ्यात टाकू नका. आणि त्यांना वाचवायला खोटा गोल तक्ताही लावू नका. त्या पुन्हा वाचा आणि एवढंच शोधा, की यांतल्या कुठल्या माणसानं आपल्याला आवडणाऱ्या उत्तराला 'नाही' म्हटलं? कुणी आपल्यालाच उलट प्रश्न विचारला? तसं एकही वाक्य सापडलं नाही, तर सर म्हणतात त्यात तथ्य असेल. मग पुन्हा जायला हवं. सापडलं, तर तिथून लिहायला सुरुवात करा.